परळच्या मठाची कुळकथा

हाफकिन संस्था म्हटली की परळकरांना लस आणि सर्पदंशावरचे औषध आठवते. तिची मुख्य इमारत मात्र मूळची जेझुइट पाद्र्यांच्या मठाची. गिरण्यांची पहिली चिमणी उभी राहण्याच्या कितीतरी आधीचे परळ या वास्तूत आहे, म्हणून तिची कुळकथा सांगायलाच हवी.

१५३४ च्या तहात गुजरातच्या बहादूरशहाने वसईसह मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली. त्यांच्यामागोमाग पाद्री आले. दादरचे पोर्तुगीज चर्च फ्रान्सिस्कनांनी १५९६ मध्ये स्थापन केले. परळला जेझुइटांचे बस्तान बसले. मठ म्हणजे नुसते प्रार्थनाघर नव्हे. त्याच्या नावावर जमिनी असत आणि त्यांच्या उत्पन्नावर सगळा कारभार चाले. १६७३ मध्ये मुंबईत आलेला ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर परळबद्दल लिहितो, तेव्हा चर्चबरोबर त्याच्या जमिनीचीही नोंद करतो.

ही जमीनच मठाला नडली. बेट इंग्रजांच्या हाती गेल्यापासून जेझुइटांच्या मालकीहक्कांवरून तंटे चालूच होते. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान मुंबईवर चालून आला. तो परतल्यावर, जेझुइटांनी त्याला मदत केली असा आरोप ठेवून इंग्रजांनी त्यांच्या जमिनी जप्त केल्या. आरोपात तथ्य किती, याहून इंग्रजांचा त्या जमिनींवरचा डोळा मला अधिक बोलका वाटतो. पुढे वास्तूही गव्हर्नरांकडे गेली.

पण बांधकाम टिकले. १८२५ मध्ये बिशप हेबर इथे आला, तेव्हा त्याला एकावर एक असे दोन प्रशस्त दिवाणखाने दिसले, प्रत्येकी पाऊणशे ते ऐंशी फूट लांबीचे. खालचा, जिथे मेजवान्या होत, तो पूर्वी जेझुइटांचे चर्च होता असे त्याला सांगण्यात आले. जिथे मिस्सा होई तिथे लाटसाहेबांची पंगत बसू लागली होती! त्याच्याही आधी, १७७१ मध्ये, गव्हर्नर हॉर्नबी इथे राहायला आला होता; पुढे गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात इमारतीला नवे भाग जोडले गेले. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसनची पत्नी याच घरात पटकीने वारली आणि लवकरच गव्हर्नरांनी मलबार पॉइंट गाठले.

१८९६ मध्ये प्लेग आला. रिकाम्या बंगल्यात आधी प्लेगचे रुग्ण ठेवले गेले, आणि ऑगस्ट १८९९ मध्ये वाल्देमार हाफकिन यांची प्लेगवरची प्रयोगशाळा इथे आली. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचे नाव मिळाले.

परळ-लालबागच्या शाळांत स्थानिक इतिहास गिरण्यांपासून सुरू होतो. शिक्षकांनी मुलांना एकदा तरी परवानगी काढून या आवारात न्यावे, आणि हाफकिन यांच्याइतकेच त्या पाद्र्यांबद्दल आणि ज्यांची नावे कुठेच लिहिली गेली नाहीत त्या गवंड्यांबद्दलही सांगावे.