अकांथामीबाजन्य स्वच्छमंडलशोथ

गोड्या पाण्यात, चिखलात व धुळीत राहणाऱ्या अकांथामीबा या एकपेशीय जीवामुळे डोळ्याच्या स्वच्छमंडलाला, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्याला, होणारा संसर्ग. रोग विरळ आहे. पण निदान लांबले तर बुबुळावर फूल पडून नजर जाते.

प्रतिकूल परिस्थितीत हा अमीबा स्वतःभोवती दुहेरी भिंतीची पुटी करतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीनला ही पुटी दाद देत नाही. म्हणून पिण्याजोगे पाणी डोळ्याच्या जखमेसाठी सुरक्षित असेलच असे नाही.

1970 नंतरच्या दशकात ब्रिटन व अमेरिकेत हा नेत्ररोग प्रथम नोंदला गेला. तेथील बहुतेक रुग्ण कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारे असतात: नळाच्या पाण्याने लेन्स धुणे, ती घालून पोहणे किंवा अंघोळ करणे ही त्यांची मुख्य कारणे. भारतात सावित्री शर्मा, एम. श्रीनिवासन व सेलीन जॉर्ज यांनी 1990 मध्ये लेन्स न वापरणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले. आपल्याकडे आजही इजा, माती आणि दूषित पाणी हीच कारणे पुढे येतात.

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात जोखीम ओळखायची तर लेन्सच्या आधी रुग्णाचे काम विचारावे. यंत्रमागावर सुताचे कण डोळ्यांत जातात, धोटा उसळून मार बसतो. तालुक्यातील भातशेतीत झोडणीला तूस उडते. लगेच पिंपातले, टाकीतले किंवा विहिरीचे पाणी डोळ्यावर मारले जाते. ओरखड्यातून अमीबाला वाट मिळते. कामवारी नदीच्या पुराचे सखल वस्तीत शिरणारे पाणीही तितकेच धोक्याचे. उकळून गार केलेले पाणी किंवा निर्जंतुक सलाइन कारखान्यात हाताशी असायलाच हवे. रसायन उडाले असेल तर मात्र थांबू नये. मिळेल त्या स्वच्छ पाण्याने डोळा लगेच भरपूर धुवावा.

डोळा लाल होतो, पाणी येते, उजेड सहन होत नाही. वेदना अनेकदा दिसणाऱ्या जखमेपेक्षा फार जास्त असतात. सुरुवातीला हर्पीस विषाणूचा किंवा बुरशीचा संसर्ग वाटतो. पुढे बुबुळावर पांढरे कडे दिसू शकते. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइड थेंबांनी लाली उतरते, रोग मात्र आत वाढत राहतो. ही चूक सर्वांत महाग पडते.

निदानासाठी स्वच्छमंडल खरवडून नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि ई. कोलाय जीवाणूंचा थर दिलेल्या आगरवर वाढवतात. 0.02 टक्के पीएचएमबी किंवा क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकांचे थेंब सुरुवातीला रात्रंदिवस दर तासाला घालतात. उपचार कित्येक महिने चालतात, कारण पुट्या चिवट असतात. फूल राहिल्यास स्वच्छमंडलाचे रोपण करता येते. मात्र दाह पूर्ण शमण्याआधी केल्यास नव्या पडद्यातही संसर्ग उलटण्याची भीती असते.