घरगुती पक्षी खाद्यपात्र

घरगुती पक्षी खाद्यपात्र म्हणजे बाग, गच्ची किंवा सज्जात येणाऱ्या मुक्त पक्ष्यांसाठी दाणे व फळे ठेवण्याकरिता घरच्या वस्तूंपासून बनवलेले भांडे. बोलीभाषेत याला 'बर्ड फीडर' असेही म्हणतात. एरवी विखरून चरणारे पक्षी खाद्यपात्रामुळे एकाच जागी जमतात. त्यामुळे ते पक्ष्यांना उपकारक ठरते की अपायकारक, हे मुख्यत्वे स्वच्छता, खाद्याचा प्रकार व प्रमाण यांवर अवलंबून असते.

हिवाळ्यातील गरज

युरोप व उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात जमीन बर्फाने झाकली जाते आणि पक्ष्यांना अन्न मिळणे कठीण होते. ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरात तशी स्थिती नसते. येथे पावसाळ्यानंतर गवताचे बी पिकते, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भाताची कापणी होते, आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धात सावर, पांगारा व पळस फुलू लागतात. त्यामुळे येथे खाद्यपात्रातील दाणे हे पूरक अन्न असते. दाट वस्तीत पाण्याची टंचाई अधिक जाणवते; ती मार्च ते मे या काळात तीव्र होते.

परंपरा

नव्या भाताच्या लोंब्या दारावर बांधण्याची प्रथा कोकणात आहे. त्या लोंब्यांवरील दाणे चिमण्या टिपतात. पितृपक्षात कावळ्यांसाठी घास ठेवला जातो. नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस म्हणून पाळला जातो. त्यानंतर शहरांत कृत्रिम घरटी व खाद्यपात्रे लावण्याचे प्रमाण वाढले.

रचना

नारळाची अर्धी करवंटी, मातीची पसरट थाळी किंवा प्लास्टिकची बाटली यांपासून खाद्यपात्र बनवता येते. पाणी साचू नये म्हणून तळाला बारीक छिद्रे पाडतात. कापलेल्या कडा घासून गुळगुळीत करतात. पात्र मांजरीची झेप पोहोचणार नाही अशा उंचीवर, परंतु पक्ष्यांना आसरा घेता येईल अशा झुडपाजवळ टांगतात. मोठ्या काचेसमोर ते लावल्यास उडताना पक्षी काचेवर आदळण्याचा धोका असतो.

खाद्य

चिमणी व मुनिया यांना बाजरी, राळा आणि तांदळाची कणी चालते. बुलबुल, साळुंकी व तांबट पिकलेली पपई, केळे, पेरू खातात. शेव, गाठी, फरसाण, वेफर व खारे दाणे यांतील मीठ आणि तेल पक्ष्यांना अपायकारक असते. पावाने पोट भरते, पण पोषण अल्प मिळते. बुरशी आलेल्या शेंगदाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते. एका दिवसात संपेल एवढेच खाद्य ठेवणे व उरलेले संध्याकाळी काढणे योग्य. रात्री ते उंदीर-घुशींना आकर्षित करते.

स्वच्छता व रोग

विष्ठा मिसळलेल्या दाण्यांतून साल्मोनेला जिवाणूंचा, तर दूषित खाद्य व पाण्यातून ट्रायकोमोनास या परजीवीचा प्रसार होतो. ब्रिटनमध्ये २००५ पासून या परजीवीच्या साथीमुळे ग्रीनफिंच पक्ष्यांची संख्या मोठ्या प्रमाणात घटली; २०२१ मध्ये त्यांचा समावेश तेथील सर्वाधिक चिंतेच्या सूचीत झाला.

पात्र आठवड्यातून किमान एकदा साबण व गरम पाण्याने घासून उन्हात पूर्ण वाळवावे. पाण्याचे भांडे उथळ असावे आणि रोज रिकामे करून घासावे, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास आपली अंडी भांड्याच्या आतील कडेला चिकटवतो. पिसे फुगवून बसलेला, सुस्त किंवा गिळता न येणारा पक्षी दिसल्यास खाद्य देणे काही आठवडे थांबवावे. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातांनी स्पर्श करू नये. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात वेहळोली येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता.

कबुतरे व कुरव

उघड्यावर टाकलेल्या धान्यावर प्रामुख्याने कबुतरे वाढतात. त्यांच्या विष्ठेतील व पिसांतील कण दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास काही व्यक्तींना फुप्फुसाचा गंभीर दाह होतो. याच कारणावरून २०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याची कारवाई झाली. दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकण्यात आला आणि हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. कबुतरे टाळण्यासाठी लहान पक्ष्यांनाच बसता येईल अशी अरुंद बैठक असलेले टांगते पात्र वापरतात. हिवाळ्यात खाडीवर स्थलांतर करून येणाऱ्या कुरव पक्ष्यांना शेव-गाठी टाकणेही टाळावे. मासे, खेकडे व कीटक हे त्यांचे नैसर्गिक अन्न होय.

पर्याय

चिमणीची पिल्ले मुख्यतः कीटकांवर वाढतात आणि शिंजीर फुलांतील मध पितो. दाण्यांचे पात्र या दोन्ही गरजा भागवू शकत नाही. त्यासाठी कुंडीत किंवा अंगणात तुळस, जास्वंद, अडुळसा यांसारखी झाडे लावणे व कीटकनाशके टाळणे उपयुक्त ठरते. जागा असल्यास उंबर व करंज ही झाडे अन्नासोबत निवाराही देतात.