घरगुती फिल्मसाठी स्वस्तातला कॅमकॉर्डर: घेण्यापूर्वी काय तपासाल?

लग्न, शाळेचे गॅदरिंग, हजला निघालेल्या दादा-दादींचा निरोप. असे प्रसंग आता बहुतेक घरांत मोबाईलवरच टिपले जातात. तरीही कॅमकॉर्डरची विचारणा थांबलेली नाही आणि नव्या कॅमेऱ्याचे बजेट नसेल तर जुना, वापरलेला कॅमकॉर्डर स्वस्तात मिळतो. दुकानात गेल्यावर आपला पहिला प्रश्न असतो, "झूम किती आहे?" खरे तर पहिला प्रश्न असा हवा: "यातले शूटिंग कॉम्प्युटरमध्ये कसे उतरणार?" एडिटिंग करायचे असेल तर निम्मा निर्णय याच उत्तरावर होतो.

मोबाईल असताना कॅमकॉर्डर कशाला?

दिवसाच्या उजेडात चांगल्या मोबाईलचे चित्र जुन्या कॅमकॉर्डरपेक्षा सरस असते, हे मान्य करूनच पुढे जावे. कॅमकॉर्डर कामाला येतो तो लांबलचक कार्यक्रमात. स्टॅंडवर लावून तो तास-दीड तास सलग चालतो. हॉलच्या मागच्या रांगेतून स्टेजवरच्या मुलाचा चेहरा ऑप्टिकल झूमने स्वच्छ पकडता येतो. आणखी एक फायदा एडिटिंगच्या वेळी कळतो. अनेक मोबाईल दर सेकंदाच्या फ्रेमची संख्या मध्येच कमी-जास्त करतात, त्यामुळे एडिट करताना ओठ आणि आवाज जुळत नाहीत. कॅमकॉर्डरमध्ये ही संख्या कायम राहते.

रेकॉर्डिंग कशावर होते?

मिनीडीव्ही टेप: १९९५ च्या सुमारास आलेला प्रकार. एका टेपवर साधारण ६० मिनिटे मावतात. टेप कॉम्प्युटरमध्ये उतरवायला फायरवायर पोर्ट लागतो (सोनीच्या कॅमेऱ्यावर त्याचे नाव आय-लिंक असते). आजच्या लॅपटॉपला हा पोर्ट नसतो. एका तासाची टेप उतरवायला एक तासच लागतो आणि सुमारे १३ जीबी जागा जाते. अशा बऱ्याच कॅमेऱ्यांना यूएसबी असते, पण त्यातून फक्त फोटो किंवा हलक्या दर्जाचे चित्र येते. "यूएसबी आहे ना साहेब" या शब्दावर विसंबू नका.

डीव्हीडी: यात ८ सेंटीमीटरची छोटी डिस्क लागते. चांगल्या दर्जात जेमतेम २० मिनिटे मिळतात. डिस्क कॅमेऱ्यातच 'फायनलाइज' केली नाही तर ती दुसऱ्या प्लेअरवर सहसा उघडत नाही. एडिटिंगसाठी हा प्रकार टाळलेलाच बरा.

हार्ड डिस्क: जागा भरपूर, पण कॅमेरा हातातून पडला तर डिस्कसोबत सगळे शूटिंगही जाण्याची भीती.

मेमरी कार्ड: एडिटिंगसाठी सर्वात सोयीचा प्रकार. कार्ड काढले, रीडरमध्ये घातले, फाइल कॉपी केल्या, झाले. २००६ मध्ये सोनी व पॅनासोनिक यांनी आणलेला एव्हीसीएचडी फॉरमॅट अशा अनेक कॅमेऱ्यांत असतो. त्याच्या फाइल कॉम्प्युटरवर 'एमटीएस' नावाने दिसतात. लांब रेकॉर्डिंगचे कॅमेरा अनेक तुकडे करतो. म्हणून एकेक फाइल न उचलता कार्डावरचे संपूर्ण फोल्डर कॉपी करावे.

कॉम्प्युटरचा हिशोब

एव्हीसीएचडीची फाइल आकाराने लहान, पण जुन्या कॉम्प्युटरला जड जाते, चित्र अडखळते. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये 'प्रॉक्सी'ची सोय असेल तर ती सुरू करावी. मग काम हलक्या प्रतीवर होते आणि शेवटची फिल्म मूळ फाइलवरून तयार होते. शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि दोन्हींत ही सोय आहे. हलत्या माणसाभोवती कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसल्या तर कॅमेरा बिघडलेला नाही. चित्र 'इंटरलेस्ड' आहे. 'डीइंटरलेस' केल्यावर त्या जातात.

वापरलेला कॅमेरा घेताना

१. स्वतःचे कार्ड किंवा टेप घेऊन जा. पाच मिनिटे शूट करा आणि तिथेच पाहा, आवाजही ऐका. टेपच्या कॅमेऱ्यात चित्रावर चौकोनी ठिपके आले तर हेड घाण किंवा झिजलेले आहे.
२. फक्त ऑप्टिकल झूमचा आकडा विचारा. डिजिटल झूम चित्र नुसते ताणून मोठे करतो.
३. बाहेरचा माइक लावायला ३.५ मिमीचे भोक आहे का? भाषण किंवा आजीच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या तर झूमपेक्षा हे महत्त्वाचे.
४. बॅटरी किती टिकते आणि चार्जर सोबत आहे का? जुन्या मॉडेलची बॅटरी शोधताना दमछाक होते.
५. कार्ड कोणते चालते? काही कॅमेऱ्यांना ३२ जीबीपेक्षा मोठे कार्ड चालत नाही, तर सोनीच्या काही जुन्या कॅमेऱ्यांना फक्त मेमरी स्टिकच लागते.
६. पाल की एनटीएससी? नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेला कॅमेरा एनटीएससी असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली त्याचे चित्र लुकलुकू शकते.

सगळे पैसे कॅमेऱ्यावरच घालू नका. कार्ड, जादा बॅटरी, स्टॅंड आणि बाहेरची हार्ड डिस्क यांच्यासाठी थोडे बाजूला ठेवा.

घरात जुन्या टेप असतील तर

कपाटात मिनीडीव्ही टेप पडून असतील तर हिशोब बदलतो. अशा वेळी फायरवायर असलेला जुना टेप-कॅमेरा घेणे शहाणपणाचे, कारण तो नव्या शूटिंगसाठी नाही तर टेप वाचवण्यासाठी लागेल. फायरवायर कार्ड बसवलेला एखादा जुना डेस्कटॉपही सोबत लागतो. टेप हाय-८ किंवा व्हिडिओ-८ असतील तर सोनीच्या काही डिजिटल-८ कॅमेऱ्यांत त्या चालतात. मात्र सगळ्याच मॉडेलमध्ये नाही, म्हणून आपली टेप लावूनच खात्री करा. कोकणातल्या पावसाळी हवेत टेपला बुरशी धरते. पांढरे डाग दिसले तर ती कॅमेऱ्यात घालू नका, हेडही खराब होईल. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या.

ही कामे पुढे ढकलू नयेत. टेप दरवर्षी खराब होत जाते आणि ती वाचणारे चालू कॅमेरेही कमी होत चालले आहेत. गेलेल्या माणसाचा आवाज त्या एकाच टेपवर असेल तर दुसरी प्रत कुठेच मिळणार नाही. उतरवलेली फाइल दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या घरात, भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवा.

थोडक्यात, नवे शूटिंग करायचे तर मेमरी कार्डचा, ऑप्टिकल झूम आणि माइकची सोय असलेला कॅमेरा घ्या. जुन्या टेप उतरवायच्या तर फायरवायरचा घ्या. एकच कॅमेरा दोन्ही कामे नीट करील, अशी अपेक्षा ठेवू नका.