पहिल्या नृत्यरचनेची वंशावळ

जून १९२६. लंडनच्या हॅमरस्मिथ भागातल्या लिरिक थिएटरात ‘रिव्हरसाइड नाइट्स’ नावाचा गाण्या-नकलांचा खेळ चालू होता. त्यात एक छोटा बॅले घातला होता, ‘अ ट्रॅजेडी ऑफ फॅशन’. एका नामवंत फॅशनकाराने जीव ओतून केलेला पोशाख गिऱ्हाइकाच्या पसंतीस उतरत नाही, आणि तो आपल्याच कात्रीने स्वतःला संपवतो, एवढीच त्याची गोष्ट. फॅशनकार झाला होता एकवीस वर्षांचा फ्रेडरिक ॲश्टन. हा बॅले त्यानेच बसवला होता. त्याची ही पहिली नृत्यरचना. आपली कृती लोकांना आवडली नाही तर काय, ही भीती त्याने पहिल्याच कामात कथाविषय म्हणून रंगमंचावर आणली होती. पुढे ब्रिटिश बॅलेचा चेहरामोहरा याच माणसाने घडवला.

पण ॲश्टनला व्हायचं होतं नर्तक. तेराव्या वर्षी पेरूमधल्या लिमा शहरात त्याने ॲना पाव्हलोव्हाला नाचताना पाहिलं आणि तो वेडावला. पुढे लंडनच्या एका कचेरीत नोकरी करता करता तो नाच शिकू लागला. ‘तू रचना कर’ अशी गळ त्याला घातली ती त्याच्या गुरू मारी रांबेर यांनी. नुसती गळ घालून त्या थांबल्या नाहीत. या बॅलेत त्या स्वतः त्याच्यासोबत नाचल्या. पोशाख आणि नेपथ्य सोफी फेदोरोविच यांचं होतं. ॲश्टन आणि सोफी यांची ती जोडी सोफी यांच्या मृत्यूपर्यंत, १९५३पर्यंत टिकली.

रांबेर यांना ही नजर कुठून आली? त्यासाठी आणखी मागे, पॅरिसला जावं लागतं. २९ मे १९१२ रोजी तिथल्या शातले थिएटरात वास्लाव निजिन्स्कीची पहिली रचना, ‘आफ्टरनून ऑफ अ फॉन’, सादर झाली. ज्याच्या उड्या पाहायला लोक गर्दी करत, त्या नर्तकाने आपल्या रचनेतून उड्या जवळजवळ काढूनच टाकल्या. ग्रीक चित्रांतल्यासारख्या एका बाजूने दिसणाऱ्या आकृत्या, पावलं जमिनीला धरून. दहा-बारा मिनिटांच्या कामासाठी तालमींवर तालमी झाल्या, नर्तक कुरकुरले, वृत्तपत्रांत गदारोळ उठला. बॅले संघाचा मालक सर्गेई द्याघिलेव्ह मात्र पाठीशी उभा राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने निजिन्स्कीला नव्या रचनेसाठी संगीतकार स्त्राविन्स्कीच्या संगीतातला ताल उलगडून देण्यासाठी एका तरुण मुलीला नेमलं. ती मुलगी म्हणजे मारी रांबेर. नवखा रचनाकार किती एकटा असतो, हे त्यांनी तालमीच्या दालनात उभं राहून पाहिलं होतं.

म्हणून १९३०नंतर लंडनच्या नॉटिंग हिल गेटजवळच्या मर्क्युरी थिएटरात त्यांनी नव्या रचनाकारांना जी संधी दिली, ती मला सगळ्यात मोलाची वाटते. रंगमंच जेमतेम अठरा फुटांचा. स्मिथफील्डच्या मटण बाजारात कारकुनी केलेल्या अँटनी ट्यूडरने १९३१मध्ये तिथेच पहिली रचना केली. बेताच्या जागेत मोठी हालचाल करता येत नाही. मग खांदा, मान, नजर यांनाच बोलावं लागतं. ट्यूडरच्या नंतरच्या कामात मनातली घालमेल इतक्या बारकाईने दिसते, त्यात त्या अठरा फुटांचा वाटा आहे असं मी मानतो.

तोवर नव्यांना संधी देण्याचं हे काम एकेका माणसाच्या जिद्दीवर चाललं होतं. त्याची रीत झाली जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये. तिथे १९५८ साली नृत्यप्रेमींनी एक संस्था काढली आणि तिला झाँ-जॉर्ज नोव्हेर यांचं नाव दिलं. नृत्याने गोष्ट सांगितली पाहिजे असा आग्रह धरणारे नोव्हेर अठराव्या शतकात याच शहरात नोकरीला होते. २९ एप्रिलचा जागतिक नृत्यदिन हा त्यांचाच जन्मदिवस. १९६१मध्ये जॉन क्रँको तिथल्या बॅलेचा प्रमुख होऊन आला. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या क्रँकोने स्वतः विशी गाठण्याआधीच रचना करायला सुरुवात केली होती. त्याच्या काळात या संस्थेने तरुण रचनाकारांचे खास प्रयोग सुरू केले. नर्तकाने आपल्याच सोबत्यांना घेऊन काम बसवायचं आणि खऱ्या रंगमंचावर, खऱ्या प्रेक्षकांपुढे ठेवायचं. प्रेक्षकही पहिलं पाऊल पाहायचं म्हणूनच येत. फसलं तरी दुसऱ्या दिवशी नर्तकाची नोकरी शाबूत. या शेवटच्या गोष्टीचं महत्त्व आपण फार कमी ओळखतो.

क्रँको १९७३ साली अमेरिकेहून परतताना विमानातच गेला. पण प्रागहून आलेला यिरी किलियान १९७०मध्ये आणि न्यूयॉर्कचा विल्यम फोरसाइथ १९७६मध्ये, दोघेही याच संस्थेच्या प्रयोगांतून पुढे आले. अमेरिकेच्या मिलवॉकीहून आलेला जॉन नॉयमायर तर त्यांच्याही आधीचा. किलियानने पुढे नेदरलँड्सचा संघ नावारूपाला आणला, फोरसाइथने फ्रँकफर्टचा. नॉयमायरने हॅम्बुर्गचा संघ १९७३मध्ये हाती घेतला आणि तो २०२४पर्यंत, सलग ५१ वर्षं सांभाळला.