दान, निधी आणि श्रम : वर्धा परिसरातील कुष्ठरोगकार्याच्या अर्थकारणाचा ऐतिहासिक विचार

कुष्ठरोगसेवेचा इतिहास मराठीत बहुधा त्यागाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. या कामासाठी पैसा कोठून आला, तो कसा जमवला गेला आणि त्यामुळे रुग्णाला कोणते स्थान मिळाले, हे प्रश्न मागे राहतात. प्रस्तुत निबंधात वर्धा जिल्हा व त्याच्या परिसरासंदर्भात या प्रश्नांचा विचार केला आहे.

विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. तोपर्यंत भारतातील हे कार्य मुख्यत्वे ख्रिस्ती मिशनरी संस्थांकडे होते व त्यांना परदेशातील वर्गणीदारांचा आधार असे. दिवाणांपाशी तसा आधार नव्हता. त्यामुळे शेती व सूतकताई यांना दत्तपुरात उपचाराइतकेच महत्त्व आले. रचनात्मक कार्यक्रमावरील पुस्तिकेत गांधीजींनी, निव्वळ प्रेमभावाने चालवलेली आपल्या माहितीतील एकमेव भारतीय संस्था म्हणून दत्तपूरचाच निर्देश केला आहे.

गांधीजी स्वतः निधिसंकलनात अत्यंत कुशल होते. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी वर्ध्याहून सुरू झालेल्या हरिजन दौऱ्यात सुमारे नऊ महिन्यांत आठ लाखांच्या आसपास रुपये जमा झाले. सभेत मिळालेल्या भेटवस्तूंचा तेथेच लिलाव करण्यात त्यांना संकोच वाटत नसे. मात्र सार्वजनिक संस्थांनी कायम निधीच्या व्याजावर जगू नये, असे त्यांचे ठाम मत होते व ते त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. लोकांकडे दरवर्षी हात पसरावा लागला, तरच संस्था लोकांना उत्तरदायी राहते, असा त्यामागील विचार होता.

१९४८ मध्ये त्यांच्या हत्येनंतर त्यांच्याच नावाने देशभर वर्गणी गोळा होऊन गांधी स्मारक निधी उभा राहिला, यातील विसंगती लक्षणीय आहे. या निधीतूनच १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी मेमोरिअल लेप्रसी फाउंडेशनची स्थापना झाली. परंतु प्रस्तुत प्रकरणात गांधीजींचे मत पूर्णतः खरे ठरले, असे म्हणता येत नाही. संस्थेचे डॉ. र. वि. वार्डेकर यांनी सर्वेक्षण, शिक्षण व उपचार ही त्रिसूत्री विकसित केली. घरोघर जाऊन रुग्ण शोधणे, गावकऱ्यांचे गैरसमज दूर करणे आणि रुग्णाला घरीच ठेवून डॅप्सोनच्या गोळ्या देणे, असे तिचे स्वरूप होते. या कामात दात्याला दाखवण्याजोगे काही नसते. ना इमारत, ना कोनशिला, ना पंगत. सर्वेक्षणाच्या नोंदवह्या पाहून द्रवणारा दाता विरळाच. आवाहनांवर अवलंबून राहावे लागले असते, तर ही पद्धती कदाचित पहिल्या दोन-तीन वर्षांतच बंद पडली असती. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाला तिचा आधार मिळाला, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आवाहनाची भाषा मात्र वेगळ्याच मार्गाने गेली. सेवाग्राम आश्रमात परचुरेशास्त्र्यांची शुश्रूषा करणाऱ्या गांधीजींचे छायाचित्र सर्वपरिचित आहे. त्या चित्रात पाहणाऱ्याची दृष्टी सेवकावर स्थिरावते. समोर बसलेले गृहस्थ संस्कृतचे पंडित होते, येरवड्याच्या तुरुंगात सत्याग्रही कैदी होते, हे चित्र सांगत नाही. देणगीसाठी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक चित्रांबाबत हेच म्हणता येईल.

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे जन्मलेल्या बाबा आमटे यांनी शेजारच्या जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ, १९५१ मध्ये आनंदवन उभारले, तेव्हा हाती १४ रुपये होते असे सांगितले जाते. येथे रुग्णांचे श्रम हेच भांडवल मानले गेले. तथापि पिकवलेला भाजीपाला व दूध घेण्यास गावातील लोक आरंभी तयार नव्हते. श्रमाला बाजार नसेल, तर स्वावलंबन कागदावरच राहते. म्हणजे देणगीदारापेक्षाही ग्राहक मिळवणे अवघड होते, आणि तो मिळवण्यासाठी आधी भीती घालवावी लागली. विकास आमटे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘स्वरानंदवन’ वाद्यवृंदात रोगमुक्त व अपंग कलावंतच रंगमंचावर आले. प्रेक्षक तिकीट काढून गाणे ऐकतो, तेव्हा दाता व याचक हे नाते काही अंशी तरी बदलते.

हक्काची भाषा मात्र फार उशिरा आली. औषधाने रोग बरा झाला, तरी बधिर झालेले हात-पाय व त्यांतून आलेले अपंगत्व अनेकदा राहते. १९९५ च्या अपंग व्यक्तीविषयक कायद्याने रोगमुक्त व्यक्तींना अपंगांच्या व्याख्येत स्थान दिले. २०१६ च्या कायद्यातही ते कायम राहिले. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद व्यक्तिगत कायद्यांतून वगळली जाण्यास २०१९ साल उजाडावे लागले. दत्तपूरच्या स्थापनेला तेव्हा ८३ वर्षे झाली होती.