सुईच्या सोबतीला मैत्रीण

गावात एखाद्या लेकराला मधुमेह निघाला, की बायका आईलाच विचारतात, "फार गोड देत होतीस का गं?" लहानपणी होणारा, इन्सुलिन लागणारा मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही, हे आधी पक्कं लक्षात ठेवूया. अशा लेकरांना एकमेकांची सोबत कशी मिळत गेली, ते आज सांगते.

शंभरहून जास्त वर्षांपूर्वी या आजारावर औषधच नव्हतं. मुलाचं खाणं अगदी कमी करून त्याचे दिवस वाढवायचे, एवढंच आईबापांच्या हाती होतं. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात लिओनार्ड थॉम्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं. पहिलं औषध पुरेसं शुद्ध नव्हतं. बारा दिवसांनी सुधारलेलं औषध दिलं आणि गुण आला.

मुलं जगू लागली. पण रोज काचेची सिरिंज उकळायची, बोथट सुई दगडावर घासायची, घास मोजून खायचा. वर्गात असं करणारं दुसरं कुणी नाही. जीव वाचला, पण लेकरू एकटं पडलं.

हे ओळखून १९२५ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये डॉ. लिओनार्ड वेंट यांनी अशा मुलांचं शिबिर भरवलं. पुढे १९३२ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये मुलींचं शिबिर सुरू झालं. अमेरिकन रेड क्रॉसची स्थापना करणाऱ्या क्लारा बार्टन यांचं जन्मघर एका चर्चच्या महिला संघटनेने जपलं होतं, तिथेच. म्हणजे हे काम आपल्यासारख्या बायकांनी उभं केलं. जिथे सगळ्याच मुलींना सुई घ्यायची आहे, तिथे ती लपवायची कशाला?

पण दवाखान्यातल्या खाटेवरचं लेकरू शिबिराला कसं जाणार? १९९५ मध्ये अमेरिकेत 'स्टारब्राइट वर्ल्ड' नावाचं संगणकाचं जाळं सुरू झालं. सिनेदिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग त्या संस्थेचे अध्यक्ष होते. वेगवेगळ्या शहरांतल्या रुग्णालयांमधली मुलं पडद्यावरच्या चित्रातल्या जगात भेटत, खेळत, बोलत. तिथे कुणाची सलाइन दिसत नव्हती, की गळलेले केस.

आज तेवढी सोय आपल्या मोबाइलमध्ये आहे. गावात असं लेकरू एकच असेल, पण तालुक्याच्या दवाखान्यात दुसरं येत असेल. दोन्ही आयांनी नंबर घ्यावेत, मुलांना बोलू द्यावं. पलीकडे कोण आहे, हे आईला ठाऊक हवं. आणि मैत्रिणीचं ऐकून इन्सुलिन कमी-जास्त करायचं नाही, बंद तर मुळीच नाही. ते डॉक्टरांनाच विचारायचं.

औषध डॉक्टर देतील. "मलापण रोज टोचतात गं," हे मात्र दुसरं लेकरूच म्हणू शकतं. पुढच्या बैठकीत विचारा, आपल्या गावात असं कोण एकटं आहे?