सेकंदाचा पाचवा हिस्सा

१/ अंगात झबली, डोक्यावर टोप्या आणि माणसांसारखी ओळीने बसलेली मांजरीची पिल्ले. विसाव्या शतकाच्या आरंभीची ही अमेरिकन पोस्टकार्डे पाहताना पहिली शंका येते ती हीच: पिल्ले जिवंत आहेत, की पेंढा भरलेली?

२/ शंका निराधार नाही. इंग्लंडात वॉल्टर पॉटरने पेंढा भरलेल्या पिल्लांचा अख्खा विवाहसोहळा मांडला होता. पेनसिल्वेनियाच्या हॅरी व्हिटियर फ्रीसने (१८७९–१९५३) मात्र १९१५च्या आपल्या पुस्तकात प्राणी खरे असल्याचे आवर्जून नोंदवले.

३/ त्याचे एक्स्पोजर असे सेकंदाच्या पाचव्या हिस्स्याचे. तेवढ्यात एखादी मान वळली तरी चित्र धूसर. प्रत्येक पिल्लू निम्म्या वेळा स्थिर राहते असे मानले, तरी तिघे एकदम स्थिर असण्याची शक्यता आठांत एक. पाच असतील तर बत्तिसांत एक! या कामाचा ताण असा, की वर्षातून तीनच महिने तो ते करी.

४/ यशाचे श्रेय त्याने संयमाला आणि ममतेला दिले. ममता असेलही, पण ताठ कापडाचे आणि टाचण्यांनी बसवलेले ते कपडे पिल्लांना केवळ सजवत नव्हते, उभे धरूनही ठेवत होते. गोंडस चित्राची ही बाजू नजरेआड करू नये.

५/ त्याच्या मते ससा सर्वांत सोपा, पण त्याला भूमिका मोजक्याच जमत. मांजरीचे पिल्लू सर्वांत अष्टपैलू. आणि सर्वांत अवघड? डुक्कर.